पायथ्याचे देऊळ

आमच्या वसईकडची जुनी माणसे चर्चला 'देऊळ' म्हणत. रविवारी पहाटे अंगणातल्या घंगाळातील ऊनऊन पाण्याने आंघोळ उरकून माझे आजोबा "देवळात जाऊन येतो" असे सांगून घराबाहेर पडत. 'चर्च' हा शब्द आमच्या घरात शाळेच्या पुस्तकांबरोबर आला आणि आजोबांबरोबर 'देऊळ' हा शब्द हळूहळू निघून गेला. आज या लेखापुरता मी तो परत बोलावतो आहे. कारण ज्या वास्तूविषयी मला लिहायचे आहे, तिच्यासमोर उभा असताना माझ्या ओठांवर नकळत तोच शब्द आला होता.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. गेल्या ऑक्टोबरमध्ये अलिबागला नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आग्रहाने बोलावून घेतले. "सर, तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात, आता मी तुम्हाला इतिहास दाखवतो," असे त्याचे शब्द होते. पेन्शनीत निघालेल्या शिक्षकाला एवढे आमंत्रण पुरेसे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागाव, चौल मागे टाकून रेवदंड्याच्या वाटेला लागलो. दुतर्फा नारळी-पोफळींच्या वाड्या, नुकत्याच सरलेल्या पावसाने काळवंडलेले चिरेबंदी गडगे आणि मधूनच समुद्राचा खारा वारा. वसईच्या माणसाला परके वाटावे असे तिथे काहीही नव्हते.

रेवदंड्याच्या तटाच्या आत पोर्तुगिजांचे चौल शहर वसले होते. आज त्या तटाच्या आत वाड्या आहेत आणि वाड्यांत भग्न देवळे आहेत. पोफळीचे शिंपणे जिथे चालते, तिथेच एखादी उंच कमान एकाकी उभी दिसते. फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या मंदिराचा मनोरा अजून उभा आहे. लोक त्याला 'सातखणी' म्हणतात. डॉमिनिकन संघाच्या मंदिराचे अवशेष आहेत. संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नावाने ओळखले जाणारे एक लहानसे प्रार्थनास्थळही आहे. एके काळी या बंदरात घोडे, रेशीम आणि मसाले उतरत. १५०८ साली याच बंदरात ईजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ साली अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. १५७०-७१ साली त्याच घराण्यातील मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. तो त्यांनी परतवून लावला.

खाडीच्या पलीकडे समुद्रात घुसलेली एक लांबट डोंगरसोंड दिसते. तिच्यावर कोर्लईचा किल्ला आहे. ही सोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती चौलचे बंदर, हे उघड होते. निजामशाहीने तिच्यावर बळकट किल्ला उभारला आणि १५९४ साली पोर्तुगिजांनी तो हल्ला करून जिंकला. पुढे सुमारे दीडशे वर्षे त्यावर त्यांचे निशाण होते.

कुंडलिकेच्या खाडीवर आता पूल आहे. तो १९८६ साली झाला. त्यापूर्वी रेवदंड्याहून कोर्लईला जायचे तर तरीने खाडी ओलांडावी लागे. पुलावरून गाडी जाताना दोन मिनिटेही लागत नाहीत. ही दोन मिनिटे मी त्या वेळी मनावर घेतली नाहीत. संध्याकाळी परतताना मात्र त्यांचा अर्थ मला थोडाफार उमगला होता.

आम्ही आधी किल्ला चढलो. अरुंद कण्यासारखा तो किल्ला डोंगराच्या माथ्यावरून लांबवर पसरला आहे. एका दरवाजातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी वाट जाते. दोन्ही बाजूंना समुद्र आहे. माथ्यावर एका मंदिराच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर केव्हाच गेले आहे. जिथे वेदी असावी तिथे गवत कमरेएवढे वाढले होते. शिबंदीतील सैनिक आणि त्यांचे कप्तान येथे मिस्सा ऐकत असतील, लढाईला निघण्यापूर्वी पापनिवेदन करीत असतील. मी तिथे क्षणभर उभा राहून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हटले. पण खरे सांगायचे तर माझे मन तिथे रमले नाही. ते मंदिर राज्यकर्त्यांचे होते आणि राज्याबरोबर ते गेले.

ते राज्य कसे गेले, हे वसईच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट पडला आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपली. चौल आणि कोर्लई तेवढे मागे राहिले. सप्टेंबर १७४० च्या तहाने पोर्तुगिजांनी तेही मराठ्यांच्या हवाली करण्याचे मान्य केले. त्या बदल्यात मराठ्यांनी गोव्यातील साष्टी सोडली. ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. फिदाल्ग गेले, सैनिक गेले, संघांचे बहुतेक धर्मगुरू गेले. देवळांच्या घंटासुद्धा गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि भीमाशंकरला त्या काळच्या पोर्तुगीज घंटा आजही आहेत. लहानपणी हे ऐकले तेव्हा मला राग आला होता. आता या वयात वाटते, घंटा तिथेही देवाच्या दारातच वाजते आहे.

राहिले ते कोण? ज्यांना गलबतात जागा नव्हती ते राहिले. शेती करणारे, मोलमजुरी करणारे, ज्यांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा याच मातीत झाला होता आणि ज्यांना लिस्बन कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हते, ते राहिले. वसईत आमचे पूर्वज राहिले, तसेच कोर्लईत हे राहिले. त्यांच्यासाठी डोंगराच्या पायथ्याला एक देऊळ आहे. ते कार्मेल मातेचे आहे.

गड उतरून आम्ही त्या देवळात गेलो. दुपारची वेळ होती. आत कुणी नव्हते. वाऱ्याने एक खिडकी मधूनमधून आपटत होती. बाकांवर हातांच्या घर्षणाने आलेली झिलई होती. वेदीपुढे कुणीतरी त्या सकाळीच फुले ठेवली होती. माथ्यावरच्या मंदिरात जे मला सापडले नव्हते, ते येथे सापडले. येथे माणसे येत होती. 'देऊळ' हा शब्द माझ्या ओठांवर आला तो इथे.

वाचकहो, इंग्लंडातील एखाद्या खेड्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर संशोधक प्रथम तेथील धर्मग्रामाचे देऊळ गाठतो. १५३८ पासून तिथे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा नियम आहे. राजे बदलले, धर्मपंथ बदलले, पण अमक्या शेतकऱ्याची मुलगी तमक्या तारखेला जन्मली हे त्या वहीत राहते. कॅथलिक देवळांनाही त्रेंत परिषदेने १५६३ साली विवाहनोंदीचे बंधन घातले. कोर्लईचा इतिहास मात्र केवळ वहीत नाही. तो लोकांच्या तोंडात आहे. तो ऐकण्यासाठीच माझ्या विद्यार्थ्याने मला तिथे नेले होते.

कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात जी बोली बोलतात, तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात. याचा अर्थ 'आपली भाषा'. ती पोर्तुगिजातून जन्मली आहे. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी हजाराच्या आतबाहेर असलेली ही माणसे ती बोलत आली. भाषाशास्त्रज्ञांना ही मोठीच नवलाई वाटली. अमेरिकेतील जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ साली एक सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला.

तरीही ती लिस्बनची पोर्तुगीज नव्हे. शब्द तिकडचे आणि बांधणी इकडची, असा तिचा संसार आहे. पोर्तुगीज माणूस क्रियापद वाक्याच्या मध्ये ठेवतो; कोर्लईकर ते आपल्यासारखे शेवटी ठेवतो. पोर्तुगिजात 'घर पेद्रूचे' असा क्रम असतो. येथे तो आपल्याप्रमाणे 'पेद्रूचे घर' असा होतो. पोर्तुगिजात क्रियापदांचे तीन वर्ग आहेत. कोर्लईने चौथा वर्ग घडवला आणि मराठीतून घेतलेली क्रियापदे त्यात बसवली. पाहुण्याला घरात कायमची खोली द्यावी, तशी ही सोय आहे. आपण मराठी माणसांनीही उलट दिशेने तेच केले. पाव, बटाटा, चावी, पगार, बादली, इस्त्री, काजू, अननस हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले आणि विसरूनही गेलो. नाताळ, पाद्री आणि क्रूस हे शब्दही तिकडचेच.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले होते की लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. गोव्याच्या लोकांनी कोकणी सोडली नाही. इकडे कोर्लईत फर्मान काढणारे निघून गेले आणि कुणीही न सांगता लोकांनी त्यांच्या भाषेतून घडलेली आपली बोली सांभाळली. फर्मानाच्या कितीतरी आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' राशोलला छापले गेले होते. हे स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायरमधील बुश्टन नावाच्या खेड्यात जन्मले, १५७९ साली गोव्याला आले आणि पुन्हा मायदेशी परतले नाहीत. त्या इंग्रज खेडुताने मराठी ओवी लिहिली, कारण नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेतून ऐकावयाचे होते. भाषा कुणाची, याचा निवाडा राजदरबारात होत नाही. जिथे माणूस आपल्या लेकराला हाक मारतो, तिथे तो होतो.

संध्याकाळी विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका घरी आम्ही टेकलो. घर लहान, शेणाने सारवलेले अंगण, कोपऱ्यात जाळीची गुंडाळी. घरातल्या वृद्ध बाईंना सारे 'मावशी' म्हणत होते, मीही म्हणू लागलो. दिवेलागणीला घरातली माणसे भिंतीवरच्या मातेच्या तसबिरीसमोर बसली आणि जपमाळ सुरू झाली. जपमाळ मराठीत होती. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. राज्य गेल्यावरही पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू या गावाला दीर्घकाळ लाभत राहिले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, उपासना लोकभाषेत आली आणि कोर्लईच्या वाट्याला मराठी आली. शाळाही मराठी. त्यामुळे मावशींची 'नमो मरिये' माझ्या 'नमो मरिये'शी सहज जुळली आणि परक्या घरात मला परकेपणा वाटला नाही.

तिसऱ्या रहस्याच्या वेळी त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू पेंगू लागला. मावशींनी मणी बोटात तसाच धरून ठेवून त्याला हळू आवाजात काहीतरी सुनावले. ते मराठी नव्हते. मी कान टवकारले. शब्द कळले नाहीत. पण सूर ओळखीचा होता. माझी आजी असाच सूर लावी, आणि तीही मराठीत नव्हे, तर आमच्या कादोडीत. नातवाने डोळे चोळत मराठीत उत्तर दिले, "झोपलो नव्हतो गं, आजी!" आणि जपमाळ पुढे चालू झाली.

चहा पिताना मी विषय काढला. काहीशा उपदेशाच्या सुरात, शिक्षकाची सवय जात नाही म्हणून, मी म्हणालो, "मावशी, तुमची बोली फार मोलाची आहे. परदेशातून विद्वान ती ऐकायला येतात. मुलांशी तीच बोला. ती जाऊ देऊ नका."

मावशींनी कपबशी खाली ठेवली. "गुरुजी, आम्ही बोलतो हो. पण पोरगा म्हणतो, शाळेत मुलं हसतात. आता पूल झाला, पोरं अलिबागला जातात, मुंबईला जातात. तिकडं ही भाषा कुणाला कळणार?" थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुम्ही वसईचे ना? तुमचीपण बोली असंल. तुमची नातवंडं बोलतात काय?"

मी गप्प राहिलो. माझा विद्यार्थी खाली पाहू लागला, कारण उत्तर त्यालाही ठाऊक होते.

वाचकांना मी काय सांगू? चाळीस वर्षे शाळेत मी शुद्ध मराठी शिकवली. वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून आमच्या बोलीतला शब्द निघाला, तर मी तो फळ्यावर लिहून त्याच्यापुढे 'शुद्ध' रूप लिहीत असे. मुले हसत. मी त्यांना हसू देत असे. घरी माझ्या मुलांशी मी मराठीत बोललो, कारण त्यांचे भले व्हावे. माझी आजी लाल लुगडे नेसून शाळेच्या समारंभाला आली, तेव्हा सहकाऱ्यांसमोर तिच्याशी मी मराठीत बोललो आणि ती गोंधळून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तो चेहरा मी कितीतरी वर्षे आठवला नव्हता. कोर्लईच्या ओटीवर तो पुन्हा माझ्यासमोर आला.

परतीच्या वाटेवर पूल आला आणि मी त्या दोन मिनिटांचा विचार करू लागलो. कोर्लईची बोली कशामुळे टिकली? केवळ प्रेमामुळे टिकली असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. धर्म वेगळा म्हणून हिंदू शेजाऱ्यांशी सोयरिक नाही. ख्रिस्ती झाले तरी जात पाठ सोडीना, म्हणून बाहेरच्या ख्रिस्ती घराण्यांनीही त्यांच्याशी सोयरिक केली नाही. चहूबाजूंनी अशा भिंती असल्यामुळे ही माणसे एकमेकांतच राहिली, एकमेकांतच लग्ने केली आणि एकमेकांशीच बोलली. बोली टिकवणाऱ्या भिंतींपैकी एक आपण, ख्रिस्ती बांधवांनीच, उभी केली होती. एकाच वेदीवर प्रभुभोजन घेऊन मुलगी मात्र द्यावयाची नाही, हा हिशेब आपल्या धर्मग्रामांनी किती पिढ्या मांडला? वसईतही तो मांडला गेला, हे आपल्याला ठाऊक आहे.

मग पूल झाला हे वाईट झाले काय? मुळीच नाही. बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोहोचते, मुलगा कॉलेजात जातो, भाजी बाजारात लवकर जाते. बोलीसाठी माणसांना कोंडून ठेवा असे म्हणण्याचा मला काय अधिकार? मावशींना मी जो उपदेश केला, त्यात खरे पाहता तीच मागणी होती. तुम्ही तशाच राहा, म्हणजे आम्ही पाहुणे येऊन तुमचे कौतुक करू! पूल असावा, शाळा असावी आणि तरीही बोली राहावी, असा काही मार्ग असेल, तर त्याची सुरुवात पाहुण्याच्या उपदेशाने होणार नाही. वर्गात कुणी हसू नये, येथून ती होईल. आणि वर्गात हसू देणारा तर मीच होतो.

रात्री अलिबागला झोप येईना. डोळ्यांसमोर दोन देवळे येत होती. माथ्यावरचे दगडी, तटाच्या आत, तोफांच्या राखणीतले. त्याचे छप्पर गेले. पायथ्याचे साधे, त्याला राखायला ना तट ना तोफ, तरी तिथे ताजी फुले होती. आपल्या इतिहासाची पुस्तके बहुतेक माथ्यावरच्या देवळाची आहेत. कुणी किल्ला घेतला, कुणी दिला, कोणता तह झाला. मीही वर्गात तोच इतिहास शिकवला. तह झाल्याच्या दुसऱ्या रविवारी पायथ्याच्या माणसांनी काय केले, हे मी कधी विचारले नाही. धर्मगुरू येईल की नाही ठाऊक नाही, नवे राज्य कसे वागवील ठाऊक नाही. तरी कुणीतरी वात लावली असेल, कुणीतरी गुडघे टेकले असतील आणि घरी जाऊन लेकराला 'आपल्या भाषेत' जेवायला हाक मारली असेल. त्या हाकेची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. ती ऐकू आली ती फक्त त्या पेंगणाऱ्या नातवामुळे.

वसईला परतल्यावर चार दिवस मी काहीच केले नाही. मग रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो आणि पुण्याला असलेल्या माझ्या नातीला फोन केला. तिने "हॅलो आजोबा" म्हटले. मी आजीची आठवण केली, घसा साफ केला आणि आमच्या बोलीत तिला विचारले, "जेवलीस का?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तिने मराठीत विचारले, "काय म्हणालात, आजोबा?"

मी तेच पुन्हा म्हटले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ती हसली. पण ते शाळेतले हसणे नव्हते. "परत एकदा म्हणा ना," ती म्हणाली, "लिहून घेते."